हॉलंडचा थंड दात

रविवार कारंजाजवळ मी दवाखाना थाटला तेव्हा बाबांची एकच अट होती: पाटीवर ‘दंतवैद्य’ लिहायचं. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाला मुलाच्या व्यवसायात एवढाच एक शब्द घालता आला. पण लोकांना वाटे, इथे दंतमंजन मिळतं. पुड्या मागायला रोज कुणीतरी यायचं, दात दाखवायला कुणी नाही. म्हणून १९७७ साली एका शुक्रवारी ‘डेंटिस्ट’ लिहायला चिमाजी पेंटर शिडीवर चढला. बाबा आत पाठ करून बसले. 

इतक्यात एक गोरा आला. हॉलंडहून बसनं निघालेला. नाव यान, आणि यान आग्रा रोडवर बंद पडलेलं. एवढं सांगून त्याचं इंग्रजी संपलं. सुजलेलं तोंड धरून तो “तंत, तंत” असं कण्हू लागला.

बाबांना ऐकू आलं ‘थंड’. त्यांनी शेजारून बर्फातला सोडा आणवला. भिडेखातर त्यानं एक घोट घेतला आणि खुर्चीतून उडालाच. मग पुढच्या दातावर बोट टेकवून पुन्हा म्हणाला, “तंत.”

बाबा वळले. “दंत?”

यान मान हलवत राहिला.

मी दात काढला. कापूस कोंबलेल्या त्या माणसासमोर बाबांनी दोन बोटं धरली. “द्वौ.”

“त्वे,” यान म्हणाला.

बाबांनी दहा बोटं पसरली. “दश.”

“तीन.”

“बाबा, दुखण्यात त्याला मोजता येत नाहीये.”

“चुकत नाहीये तो.” बाबांनी बोटं मिटली. “त्यांच्यात दहाला ‘तीन’च म्हणतात. आपला ‘द’, त्यांचा ‘त’. दर वेळी. हजारो वर्षांपूर्वी आपले आणि यांचे पूर्वज एकच भाषा बोलत होते रे. वाटा फुटल्या, पण हे शब्द दोघांनीही बरोबर नेले. पुस्तकात वाचलं होतं. ऐकलं आज.”

मी चिमट्यातल्या दाताकडे बघत राहिलो. एवढासा होता.

मग बाहेर धावलो. चिमाजीनं ‘वैद्य’ खरवडून काढलं होतं.

“थांब, ‘दंत’ राहू दे,” मी म्हणालो.

“नुसतं ‘दंत’? कळणार कुणाला डॉक्टर?”

“हॉलंडपर्यंत कळतं.”

पाटी अजून तशीच आहे. पुड्या मागणारे येतातच. तो दात बाबांनी यानकडून मागून घेतला आणि शब्दकोशात ‘द’च्या पानात ठेवला. आठवडाभर विचार करून ‘त’च्या पानात हलवला. पाहुणा तिकडचा आहे, म्हणाले.