सारजाबाईंच्या डोळ्यांतला नारायण

श्रद्धा ठेवणे हा अपराध नव्हे. दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपले दुकान थाटणे हा अपराध आहे. आणि तो दिसत असूनही ‘किती वेळा सांगायचे’ म्हणून गप्प बसणे, हा त्यातला आपला वाटा. निवृत्त विज्ञानशिक्षक तात्यासाहेबांना तो वाटा अलीकडे जड वाटू लागला होता.

बजाजनगरच्या मैदानात रथसप्तमीपासून रोज भर दुपारी गर्दी लोटत होती. किरणानंद महाराज स्वतः सूर्याकडे पाठ करून माइकवर गर्जत,

“डोळं उघडं ठेवा, माउल्यांनो! पापणी लवली की पुण्य गळालं! हां, आता ह्या पांढऱ्या भिंतीकडं बघा. दिसला का नारायण? मान फिरवा. त्यो बी फिरतो! देव भक्तामागं धावतो म्हणत्यात, आज बघून घ्या!”

खरोखरच भिंतीवर प्रत्येकाला निळसर बिंब दिसे, आणि जयजयकार उठे. ज्याचे बिंब अधिक टिके, तो अधिक पुण्यवान.

सर्वांत पुण्यवान ठरल्या तात्यासाहेबांच्या शेजारी राहणाऱ्या सारजाबाई. शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवून त्या नातवाला, शिवराजला, शिकवत. मैदानात बाया त्यांच्या पाया पडत होत्या. तिथे आलेल्या तात्यासाहेबांना पाहून सारजाबाई म्हणाल्या,

“तात्यासाहेब, परवापासून माझा नारायण जाईनाच बघा!”

“जाईना म्हणजे?”

“जिकडं बघावं तिकडं त्योच. आमच्या शिवराजच्या तोंडावर बी बसलाय.”

“आणि सुईत दोरा?”

सारजाबाई हसल्या. “सुईच दिसंना. देव हाय ना मधी!”

घरी जाऊन पडावे, असेच तात्यासाहेबांना क्षणभर वाटले. मग त्यांनी पाण्याच्या टाकीजवळची लाल बादली उचलून मैदानाच्या मधोमध ठेवली.

“मंडळी, सूर्याकडे नको. ह्या बादलीकडे टक लावून बघा. मनात वीस आकडे मोजा. आता भिंतीकडे.”

“आरं तिच्या!” मागून कुणीतरी ओरडले. “हिरवी बादली!”

“मान फिरवा.”

“ती बी फिरती की!”

“मग बादलीलाही हार घालायचा का?”

हशा पिकला. महाराज कडाडले, “मास्तर, नास्तिक हायसा तुम्ही!”

“मी रोज सूर्याला अर्घ्य देतो, महाराज. म्हणूनच सांगतो. उजेडाने डोळ्याचा पडदा थकला, की त्याच जागी उलट रंग दिसतो. थोड्या वेळाने पडदा सावरतो. पण पंधरा कोटी किलोमीटरवरचा तो तप्त वायूचा गोळा थेट पाहिला, तर डोळ्यातलेच भिंग त्याचे ऊन पडद्यावर एकवटते, भिंगाने कागद जाळावा तसे. तिथे वेदना जाणवत नाही, म्हणून माणसाला वाटते, देव आला. शास्त्रज्ञ सूर्याचे बिंब कागदावर पाडून त्याचे डाग पाहतात, प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यात कोणती द्रव्ये आहेत ते ओळखतात. आपले ‘आदित्य’ यान सूर्य बघायलाच गेले आहे. त्याच्या भोवतालची मंद प्रभा टिपायची तर त्यालाही बिंबासमोर आडोसा धरावा लागतो. आणि तुम्ही ह्या बाईंना उघड्या डोळ्यांनी उभे केलेत!”

“आम्हाला अंतरात दिसतो,” महाराज म्हणाले.

“म्हणूनच बाहेर पाठ केलीत.”

निम्मी गर्दी पांगली. उरलेली उद्याची वेळ विचारत होती. तात्यासाहेबांनी तिकडे लक्ष दिले नाही, रिक्षा थांबवून सारजाबाईंना दवाखान्यात नेले.

नेत्रतज्ज्ञ डॉक्टर सरिता यांनी तपासून हळूच सांगितले, “पडदा भाजलाय, मावशी. बऱ्याच वेळा भरून येतं, पण महिने लागतील. सगळं येईलच, असं मात्र मी म्हणणार नाही.”

सारजाबाई म्हणाल्या, “म्हंजी ज्याच्यापायी बाया पाया पडल्या, ती जखम व्हती व्हय?”

“होय, सारजाबाई.”

“मग उद्या मला तिथं न्या. मीच सांगते. माझं तरी ऐकतील.”

वाचकहो, जो चमत्कार तुमची इजाच पुण्य म्हणून मोजतो, त्याला एकदा तरी प्रश्न विचारा. प्रश्नाने सूर्य विटाळत नाही. सारजाबाईंच्या डोळ्यांना आराम पडो, त्यांच्या शब्दाला यश येवो. मैदानातल्या प्रत्येकाची दृष्टी शाबूत राहो. आणि ज्याने त्यांना तिथे उभे केले, त्यालाही सद्बुद्धी लाभो.