पानाचा दम आणि मावशींचं मौन

मित्रांनो, मी पालघरच्या एका कॉलेजातला जुना कलरीमीटर आहे. म्हणजे द्रावणाचा रंग किती गडद, ते मोजणारी पेटी. तरुणपणी मी तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात होतो. तिथे मला फार मान. इथे मात्र बरीच वर्षं माझ्या डोक्यावर चहाचा ट्रे असे. देवाची इच्छा, म्हणून मीही गुपचूप चटके सोसले.

मग केळव्याची रिद्धी शिकायला आली. तिचे बाबा कमलाकांतभाऊ विड्याच्या पानांची वाडी मोडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायला निघाले होते.

"बाबा, आपल्या पानात ताकद आहे. मोजून दाखवते."

"दाखव. नाय दिसली तर सोमवारी वेली काडनार."

मोजणी तशी सोपी. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले हावरट कण. दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतात. रिद्धीचं जांभळं द्रावण त्यांनीच भरलेलं. त्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे रिद्धी म्हणते ती ताकद, पडलं की ते आपणहून इलेक्ट्रॉन देतं, हावरट शांत होतात आणि जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. जांभळा किती उरला, ते मी सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः बघायला आले. रिद्धीने काचेच्या एका नळीत द्रावणात पानाचा अर्क घातला. पिवळं! दुसरीत, तुलनेसाठी, नुसतं पाणी. तेही पिवळं!

"मंग पानं कशाला लावायची?" भाऊ म्हणाले. "मी नळाचंच पानी विकतो!"

निमेश सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पेटी म्हातारी झाली. भंगारात देऊ." रंग सगळ्यांच्या डोळ्यांना दिसत होता, तरी दोष माझाच!

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दमयंती मावशी पुढे आल्या. एकादशीचं त्यांचं दुपारपर्यंत मौन. त्या चिमूट करून कपाळाकडे नेऊ लागल्या.

"डोकं दुखतंय का, मावशी?" सरांनी विचारलं.

"नाय वो सर, नशीब म्हनतात त्या. माजं."

मावशींनी वैतागून कपाळावर हात मारला.

"बगा! नशीबच!"

शेवटी मावशींनी रिकामी नळी उचलली, तिच्यात बोट बुडवल्यासारखं केलं आणि ते रिद्धीच्या कपाळाला टेकवलं, मग माझ्या झाकणाला.

"अगं बाई! पूजेची हळद या नळ्यांत ठेवली होती?" रिद्धी ओरडली.

मावशींनी कान पकडले. काल माझ्या पूजेला हळदीकुंकवाची कोयरी सापडली नव्हती, आणि नळ्या किती देखण्या! नंतर पाण्याने विसळल्याही. पण हळद काचेला चिकटूनच राहिली. तीही अँटिऑक्सिडंट, बिचारी दोन्ही नळ्यांत इलेक्ट्रॉन वाटत बसली.

नळ्या स्पिरिटने स्वच्छ धुतल्या. पुन्हा द्रावण घातलं. पाण्याची नळी जांभळीच राहिली. पानाची हळूहळू पिवळी झाली.

भाऊंनी दोन्ही नळ्या उजेडाला धरून पाहिल्या.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, फूल वाहा. पण आमच्या नळ्या आमच्याच कामाला ठेवा आणि नीट धुवा. नाहीतर आमच्यापायी एखाद्याची वाडी जायची.

"बाबा, सोमवारी माणसं सांगितलीत ना?" रिद्धीने घाबरत विचारलं.

"येऊंदे की," भाऊ म्हणाले. "वेली बांदायच्या राहिल्यात."