पृथ्वीला तडा गेला ती दुपार

नातीचे पत्र आले होते ते आम्हा दोघांच्या नावाने. आत एकच प्रश्न होता, पेन्सिलीने, एक ओळ सोडून एक लिहिलेला : ‘आजी, आजोबा, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं विज्ञान कोणतं? पुस्तकातलं नको.’

हिने त्याच दिवशी उत्तर लिहून टाकले. थंडीत खिडकीच्या काचेवर आतून ओल कशी धरते आणि त्यावर बोटाने काढलेले नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा कसे उमटते, एवढेच. मी म्हटले, मी उद्या लिहितो. माझ्या ‘उद्या’ची हिला पुरेपूर ओळख होती. तिने आणखी एका पाकिटावर नातीचा पत्ता लिहिला, तिकीट चिकटवले आणि ते माझ्या टेबलावर शब्दकोशाला टेकवून ठेवले. “आता फक्त आत काहीतरी घाला,” म्हणाली.

पुढे ही गेली. पाकीट तिथेच टेकून राहिले.

आळस म्हणाल तर तो नव्हता. मी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. शाळेची पुस्तके बहुतेक. ग्रहणे, धरणे, बेडकाचे हृदय, सगळे माझ्या लाल पेनाखालून गेले. पण आठवायला बसलो की जे आठवे ते कागदावरचेच. डोळ्यांनी पाहिलेले म्हणून मी त्या पोरीला काय सांगणार होतो? काना-मात्रा?

मग एका सकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, यंदा वाढदिवस तुमच्याकडे करायचा म्हणतेय ती.”

“या की. या.”

“आणि एक विचारू? रागावू नका. ती मला म्हणाली, आजोबांना माझा राग आलाय का?”

“राग? कशाचा?”

“ते मी तिला काय सांगू? पत्राचं मनात धरून बसलीय. बरं, केक मी येताना घेऊन येते, तुम्ही दगदग करू नका.”

“केक मी करवून घेतो,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले ते मला अजून कळलेले नाही. “विज्ञानाचा केक,” मी वर आणखी जोडले आणि फोन ठेवून घाम पुसला.

आमच्या घराच्या खालीच बेकरी आहे. इतकी वर्षे तिच्या वासावर मी फुकट जगलो, पण आत जाऊन पावाखेरीज काही मागितले नव्हते. बेकरीवाल्या बाई अंगाने भक्कम, बोलायला मोकळ्या. मी काखेत भूगोलाचे जुने पुस्तक धरून दारात उभा राहिलो, तशा त्या म्हणाल्या, “काका, पाव संपला. पुस्तकाच्या बदल्यात तर मुळीच नाही.”

मी ‘पृथ्वीचे अंतरंग’ हे चित्र उघडून काउंटरवर ठेवले. “याचा केक होईल?”

त्यांनी हात पुसले आणि चित्रावर वाकल्या. “हे मधलं पिवळं काय?”

“गाभा. त्याच्याबाहेर हे तांबडं, ते प्रावरण. आणि सगळ्यात वर भूकवच.”

“म्हणजे कापल्यावर आत असं दिसायला हवं?”

“हो. पण प्रमाणात. चित्रात कवच जाड दाखवलंय, ते चूक आहे. खरं तर ते सफरचंदाच्या सालीहूनही पातळ यायला हवं.”

“चॉकलेटचं?”

“चॉकलेटचं.”

“काका, तुम्ही शिंकलात तरी तुमची पृथ्वी भुगा होईल.” त्या हसल्या. माझे कान तापले. मी पुस्तक मिटू लागलो तर त्यांनी त्यावर हात ठेवला. “थांबा हो. नाही कुठं म्हटलं मी? रोज तीच गुलाबी फुलं काढून काढून बोटं आंबलीत माझी. कोणासाठी आहे?”

“नातीसाठी. ती माझ्यावर रुसली आहे.”

“मग जपूनच करायला हवा,” म्हणाल्या आणि पेन्सिल शोधू लागल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. सकाळी उठलो की जिन्यावरून खाली. बाई माझी वाटच बघत असत. गाभा आधी वाटीत भाजायचा, हे त्यांनी ठरवले. मग तो गोळा मोठ्या वाडग्यात, तांबड्या मिश्रणाच्या मधोमध बुडवायचा आणि पुन्हा भाजायचा. शेवटी वाडगे पालथे घालायचे की घुमटासारखी अर्धी पृथ्वी वर येईल. तिच्यावर चॉकलेटचा पातळ थर आणि निळ्या आयसिंगचे समुद्र. पहिल्या खेपेला गाभा तळाशी जाऊन बसला. “तुमची पृथ्वी जड झाली,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला तो तरंगत वर आला. तेव्हा मी, आयुष्यात कधी कोणाला स्वयंपाकातले काही न सुचवलेला माणूस, म्हणालो, “थोडं मिश्रण आधी ओतून जरा घट्ट होऊ दिलं तर? वर गोळा ठेवायचा आणि मग बाकीचं ओतायचं?” बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले. “काका, तुम्ही फुकट गेलात छापखान्यात.” त्या एका वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होतो. आमचे तांबडे आणि पिवळे अपयश शेजारपाजारच्यांनी चहाबरोबर संपवले.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी खरा केक ओव्हनमध्ये गेला. बाई क्रीम घोटत होत्या. मी स्टूल ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसलो. मला दुसरे काम नव्हते, आणि घरी जाऊन धीर धरवला नसता.

आधी काही झाले नाही. मग कडेचे मिश्रण घट्ट झाले, त्याची चकाकी गेली. वरून साय धरावी तसे एक तपकिरी आवरण हळूहळू मध्याकडे सरकत गेले आणि मिटले. मला वाटले, झाला. पण आतले मिश्रण अजून ओले होते, फुगत होते. आवरण वर उचलले जाऊ लागले, ताणले गेले. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ते मध्यावर फाटले. एक तडा इकडून तिकडे, नागमोडी पळत गेला आणि त्यातून खालचे लालभडक मिश्रण बुडबुडत वर आले.

“बाई!” मी ओरडलो. मी ओरडतो हे मलाच माहीत नव्हते. “बाई, फुटली! पृथ्वी फुटली!”

त्या धावत आल्या, आत पाहिले आणि सुस्कारा सोडला. “अहो, जीव घेतलात माझा. केक फुटतोच वरून. आच जास्त झाली की असंच. काढल्यावर सुरीनं तासून सपाट करते, पालथा घातल्यावर कोणाला दिसणारसुद्धा नाही.”

“नाही, नाही! तासायचा नाही. हाच ज्वालामुखी आहे. वर कवच घट्ट झालं, आतलं अजून पातळ, ते वर येऊ बघतंय, वाट मिळेना म्हणून फोडून बाहेर आलं. हे चित्र मी किती आवृत्त्यांत तपासलं, बाई. खालचे बाण सरळ केले. पण ते असं होतं हे मी आज पाहिलं.”

बाई सुरी हातात घेऊन उभ्या होत्या. “फुटलेला केक मी आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही. लोक नावं ठेवतील मला.”

“मीही चूक दिसली की खोडत आलो, बाई. पण हा राहू द्या. एवढा एकच.”

“आणि पालथा न घालता ठेवायचा कसा? बूड गोल आहे, डोलेल.”

“खाली काही आधार दिला तर?”

त्या पुटपुटल्या, मला दोन-चार शब्द ऐकवले, पण सुरी खाली ठेवली. दुकानातल्या साध्या केकची त्यांनी एक जाड रिंग कापली आणि तीत पृथ्वी बसवली. कडेने चॉकलेटचा पातळ थर, त्यावर निळे आयसिंग. तड्यात मात्र त्यांनी आपल्या मनाने लाल जॅम गरम करून सोडला, इतका अचूक की मला वाफ दिसल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी लेक, जावई आणि नात आली. नात उंच झाली होती. मला तिने लांबूनच “कसे आहात?” विचारले, पाहुण्याला विचारावे तसे. बेकरीवाल्या बाई केक स्वतः वर घेऊन आल्या आणि “कापताना बघून जाते” म्हणून दारापाशीच उभ्या राहिल्या.

नातीने टेबलाभोवती एक फेरी मारली. “फुटलाय हा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या पदराला अजून पीठ होते.

“तडा तुम्ही काढलात?” नातीने त्यांना विचारले.

“मी कशाला काढू? आपोआप पडला. तुझे आजोबा समोर बसून होते.”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही पाहिलंत? स्वतःच्या डोळ्यांनी?”

“स्वतःच्या डोळ्यांनी,” मी म्हणालो आणि मग मला थांबता येईना. साय, ताण, तडा, बुडबुडे. हातवारे करकरून मी सगळे सांगितले. लेक तोंडावर हात ठेवून बघत होती. एवढे मी तिच्या लग्नातही बोललो नव्हतो.

नात कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. “पण आजोबा, पृथ्वी बाहेरून गार होत गेली ना? केक तर बाहेरून गरम होत जातो. म्हणजे उलटं आहे.”

जावई घाईने म्हणाले, “अगं, आजोबा म्हणतायत ते—”

“बरोबर आहे तिचं,” मी म्हणालो. “साफ उलटं आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि मला हसू फुटले. कोणी माझी चूक काढावी आणि मला इतका आनंद व्हावा, असे पूर्वी घडले नव्हते. तीही हसली. आजीसारखी, आधी डोळ्यांनी.

सुरी आत गेली, फोड निघाली. तपकिरी, तांबडा आणि बरोबर मध्ये पिवळा गाभा. “आहे! जागेवर आहे!” बाई दारातून ओरडल्या आणि त्यांनी टाळ्या पिटल्या.

निघताना नात माझ्या टेबलापाशी गेली. शब्दकोशाला टेकलेले पाकीट तिने पाहिले, उचलले नाही. “हे माझं आहे ना?”

“तुझंच. पण आता तर सगळं सांगितलं की तुला.”

“सांगितलेलं नाही चालत. आजीनं लिहिलं होतं.” मग जिन्यातून आवाज आला, “आणि ते उलटं आहे तेपण लिहा!”

मी त्याच संध्याकाळी लिहिले. खाडाखोड झाली, ती तशीच राहू दिली. कागद पाकिटात घातला, कड चिकटवली. त्यावर ठळक, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात नातीचा पत्ता होता. शहराच्या नावात हिने एक वेलांटी चुकवलेली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. लाल पेन खिशाला होते.

बेकरीसमोरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. पाकीट फटीत अर्धे सरकवून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. ते अक्षर पुन्हा एकदा वाचले, वेलांटीसकट.

मग बोटे सोडली. आत ते दुसऱ्या पत्रांवर पडल्याचा हलका आवाज आला.