धाकट्याची पहिली धार

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. आता अर्धाच उरलो आहे. माझा हा अर्धा तुकडा बोईसरच्या एका लहानशा कारखान्यात लेथशेजारच्या फळीवर पडून असतो.

याच लेथवर १९८४ साली इथल्या दामू कारागिराने मला घडवलं. माझ्या अंगात तांबं, जस्त आणि थोडं शिसं. शिसं घातलं की पितळ लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून तेव्हा सगळेच घालत. दामूने मला जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरला स्वतःच्या घरी बसवलं. आळीतला पहिला नळ मीच. काय मिरवलो म्हणून सांगू! त्याची बायको वत्सला मला चिंच लावून घासायची आणि मी झळकायचो. आतून मात्र किनाऱ्यावरचं मचूळ पाणी माझं जस्त हळूहळू खात होतं. शिसं पाण्यात उतरत होतं. मला ते ठाऊक नव्हतं, पण त्याने माझा दोष कमी होत नाही.

त्या घरात जे पहिलं येई, ते धाकट्याचं. हंगामातली पहिली मासळी धाकट्याच्या ताटात पडे. तशीच माझी सकाळची पहिली धार वत्सला पेल्यात धरायची आणि धाकट्या लेकीला, हंसाला द्यायची. ते पाणी रात्रभर माझ्या पोटात थांबलेलं असे. सगळ्यात जास्त शिसं त्यातच.

हंसाचं पोट दुखू लागलं. ती फिकट पडली, पाठ असलेले पाढे विसरू लागली. शाळेत तिला आळशी म्हणाले. घरी काढे झाले, तेही माझ्याच पाण्यात उकळून. शेवटी पालघरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. त्यात शिसं निघालं. डॉक्टरांनी घरच्या नळाची चौकशी केली.

दामूने त्याच दुपारी मला काढून मधोमध कापलं. आतली भिंत लालसर, भुसभुशीत झाली होती. तो बघतच राहिला.

"पोरीचा आजार कुटून आला, ते इचारत फिरलो," तो वत्सलाला म्हणाला. "तो तर माज्याच हातचा हाय."

"पेला तर रोज मीच धरला," ती म्हणाली.

मग दामूने तांबं आणि कथील ओतून बिनशिशाचा नळ केला. लेथ किंचाळला, हत्यारं बोथट झाली, मालक कुरकुरला. पण त्या नळाला खारं पाणी अजून खाऊ शकलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

हंसाचं पोट दुखायचं थांबलं. पाढे मात्र पुरते परतले नाहीत. कारखान्यात येऊन नळ मोजताना सातच्या पाढ्यात ती अजून अडखळते आणि उगाच हसते. तिचं ते हसणं मला सोसत नाही.

मित्रांनो, सकाळी नळ सोडलात की पहिली धार वाहून जाऊ द्या. धाकट्याला नंतरची द्या.