नकली उन्हाचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. गादी, उशी, मच्छरदाणी यांतले माझ्याजवळ काहीच नाही. माझी पाठ काचेची आहे, काचेखाली लांब लांब ट्यूब आहेत आणि वर तशाच ट्यूबांचे झाकण आहे. माणूस मधे आडवा झाला आणि बटण दाबले, की मी त्याच्या अंगावर नकली ऊन पाडत असे. आता मी थकलो आहे, आणि खरे सांगायचे तर थकलो याचे मला बरेच वाटते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे हिवाळ्यात भरदुपारी अंधारून येते, तेव्हा माझी गरज तिथल्या लोकांना वाटली यात नवल नाही. नवल पुढेच आहे. मला जहाजात घालून ब्राझीलला पाठवले, जिथे सकाळीच गच्च्या तापतात आणि अनवाणी पाय ठेवता येत नाही! उन्हाच्या गावात ऊन विकायला आलेला मी. या गोष्टीचे मला पहिली काही वर्षे फार हसू येई.

साव गोंसालो शहरात एका चढाच्या गल्लीत जुसाराचे पार्लर होते. तिने मला मोठ्या हौसेने आणले. इथल्या बायकांचे नुसते अंग रापून भागत नाही. बिकिनीच्या जागी सुरीने कापल्यासारखी गोरी रेघ उमटावी लागते. म्हणून जुसारा वायरमनची काळी चिकटपट्टी घेऊन त्यांच्या अंगावर बिकिनीच चिकटवी. एरवी हे काम गच्चीवर खऱ्या उन्हात चाले. पण कार्निव्हल, म्हणजे इथला नाचगाण्याचा मोठा सण, येतो नेमका ढगाळ दिवसांत. आभाळ भरले की सांबा नाचणाऱ्या पोरी, नवऱ्या मुली, त्यांच्या आयासुद्धा माझ्यापुढे रांग लावत. "हा माझा दुसरा नवरा. पहिल्यापेक्षा जास्त ऊब देतो," असे जुसारा सगळ्यांना सांगे आणि माझी काच खांद्यावरच्या रुमालाने पुसे. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

जुसाराची धाकटी बहीण लिंदाल्वा म्हणजे पार्लरची चालतीबोलती जाहिरात. तिच्या उजव्या कमरेवर एक तीळ होता. पट्टी चिकटवताना जुसारा तेवढ्या जागी मुद्दाम बोटाएवढी फट ठेवी, म्हणजे गोऱ्या रेघेच्या मधोमध तो तीळ उठून दिसे.

"ताई, तीळ झाकलास तर बघ हं," लिंदाल्वा बजावत असे. "लोक नाच बघायला येतात असं तुला वाटतं होय?"

गल्लीतल्या पोरी पेन्सिलीने तसाच तीळ काढून घेऊ लागल्या. मीही दर वेळी त्या फटीतून त्याच्यावर प्रकाश ओतत राहिलो. हळूहळू तो मोठा झाला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या. तेही दोघींना छानच वाटले. जुसारा फट थोडी रुंद ठेवू लागली, एवढेच. पुढे तिथून रक्त येऊ लागले तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. फार उशीर झाला होता. तो कातडीचा कर्करोग होता आणि तो आतवर पसरला होता. लिंदाल्वा गेली तेव्हा तिची मुलगी ताइना नुकती पाऊल टाकू लागली होती.

त्याच सुमारास सरकारने माझ्यासारख्या सगळ्या यंत्रांवर बंदी आणली. गल्ली चिडली. "आता सूर्यालाही टाळं ठोका म्हणावं!" समोरची दोना क्लेउसा, म्हणजे क्लेउसाबाई, ओरडली.  जुसाराने मात्र मला मागच्या खोलीत ढकलले आणि वर फुलाफुलांची चादर टाकली. टाकून देण्याइतके धैर्य तिच्यात नव्हते, चालू करण्याइतकेही नव्हते. मग मी इस्त्रीचे टेबल झालो. ताइनाचे शाळेचे गणवेश माझ्या पाठीवर कडक झाले आणि दर वर्षी थोडे लांब झाले.

ती सतराची झाली आणि वस्तीच्या सांबा संघात पहिल्या रांगेत निवडली गेली. अगदी आई! कार्निव्हल तोंडावर आला आणि आभाळ काही केल्या उघडेना.

"मावशी, चादर काढ ना. एकदाच!"

"नाही म्हटलं ना? त्याच्यावर बंदी आहे."

"सगळ्यांच्या अंगावर रेघ असणार. मी एकटीच उकडलेल्या कसाव्याच्या कंदासारखी पांढरीफटक दिसू का? तू नाही लावलंस, तर क्लेउसाकाकू लावते. तिच्याकडे आहे मशीन, गॅरेजमध्ये, गुपचूप चालवते."

"त्या भवानीच्या दारात पाऊल ठेवलंस ना, तंगडी मोडीन!"

पण जुसारा घाबरली होती. क्लेउसा पोरीला हवा तितका वेळ भाजून काढील. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ, असे तिने मनाशी ठरवले. माणसे स्वतःची समजूत किती लवकर घालतात! तिने चादर काढली आणि माझी वायर भिंतीत खोचली. इतक्या वर्षांनी मी घरघरलो. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला नाही म्हणता येत नाही. मला वाटत होते, माझ्या ट्यूब फुटाव्यात. एकही फुटली नाही.

ताइना उभी राहिली आणि जुसारा चिकटपट्टी लावू लागली. हात अजून तयार होता. खांदा, छाती, पोट, सगळे सरसर झाले. मग पट्टी उजव्या कमरेवर आली.

"मावशी, इथे मधेच फट का ठेवलीस?"

जुसाराने खाली पाहिले. ताइनाच्या कमरेवर तीळ नव्हता. तिथली कातडी कोरी, नितळ होती. तरी जुसाराच्या बोटांनी सवयीने बोटाएवढी जागा मोकळी सोडली होती.

"मावशी? काय झालं गं?"

"तुझ्या आईचा तीळ होता तिथे," जुसारा म्हणाली. "मीच उघडा ठेवायचे. दर वेळी. छान दिसतो म्हणून."

ती मटकन जमिनीवर बसली आणि पोरीच्या पायांना मिठी मारून मोठ्याने रडू लागली. ताइनाला आई कशाने गेली ते माहीत होते, पण या फटीबद्दल कोणी सांगितले नव्हते.  मग तिने स्वतःच वाकून माझी वायर काढली आणि अंगावरची पट्टी एकेक करून सोलली.

जुसारा मला टाकून देणार हे कळताच दुसऱ्या दिवशी दोना क्लेउसा दारात हजर. "टाकणारच आहेस, तर मला दे की!"

"तुला?" जुसारा म्हणाली. "थांब, तुझ्या गॅरेजचाही पत्ता देते." आणि तिने तिच्यासमोरच आरोग्य खात्याला फोन लावला.

ताइना कार्निव्हलमध्ये रेघेशिवाय नाचली. ती कशी दिसली ते मला ठाऊक नाही, कारण तोवर मला सरकारी गोदामात आणून टाकले होते. क्लेउसाचे यंत्र माझ्या शेजारीच आहे. इथले पहारेकरी डबा खाताना बोलतात, की काही लोक बंदी उठवा म्हणून मागे लागले आहेत. ज्याचे त्याचे अंग, ज्याची त्याची मर्जी, असे त्यांचे म्हणणे. ते ऐकले की मला धडकी भरते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागतात, की आम्हाला पुसा, जपा, दुरुस्त करा. मला यातले काही नको. माझ्या काचेवर धूळ साचू द्या, ट्यूब काढून न्या, वायर उंदरांना कुरतडू द्या. जपायचेच असेल तर अंगावरचे तीळ जपा, एखादा वाढू लागला तर त्याचे कौतुक न करता डॉक्टरला दाखवा. आणि कोणी मला पुन्हा चालू करायला आलाच, तर त्याला सांगा, हा पलंग मोडका आहे. तेवढे एक खोटे माझ्यासाठी बोला.