भेगेला पाठ लावून

मी कपाटाची मागची फळी बोलतेय. कपाट उघडलंत तर कपडे दिसतील, मी दिसणार नाही. तोंड अंधारात, पाठ भिंतीला आणि चारही कोपऱ्यांत स्क्रू. हलायची सोय नाही.

मला बनवणाऱ्या सुतारकाकांना एक खोड होती. प्रत्येक फळीच्या पाठीवर ते माप, तारीख आणि काम कशासाठी, हे पेन्सिल दाबून लिहायचे. या खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती आणि भेगेतून पाणी झिरपत होतं. "भेग दिसता कामा नये, गिऱ्हाईक यायचंय," घरमालक म्हणाले. काकांनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर इमानेइतबारे लिहिलं, ‘भेग झाकायला. मालकांच्या सांगण्यावरून.’ मग मला भेगेवर आवळून बसवलं.

गिऱ्हाईक आलं. एक नर्सबाई, तिचा बसड्रायव्हर नवरा आणि तिचे म्हातारे बाबा.

"ओल वगैरे नाही ना?" तिने विचारलं.

"छे! भिंती ठणठणीत आहेत," मालक म्हणाले. वर कपाट फुकट देतोय म्हणून मोठेपणाही मिरवला. मला ओरडावंसं वाटलं. पण फळीला कुठला आवाज!

त्यांनी घर विकत घेतलं आणि ही खोली बाबांना मिळाली. ओल लागून मी फुगत गेले आणि बाबांचा खोकला वाढत गेला. दिवसभर दुसऱ्यांचे खोकले तपासणाऱ्या नर्सबाईला घरातल्या खोकल्याचं कारण वर्षभर कळलं नाही. कुबट वासावर उपाय म्हणून ती कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत राहिली.

शेवटी माझ्यामुळे कप्पे निखळायला लागले, तेव्हा एका सकाळी बाबांच्या जावयाने मला सोडवलं. उजेड बघून मला रडूच आलं. तो भेगच बघत राहिला. नर्सबाईने मात्र माझी पाठ वाचली. मालकांना फोन केला, तर त्यांनी कानांवर हात ठेवले.

मग ते मला घेऊन एका वकीलबाईंकडे गेले. माझी पाठ वाचून त्या खूश झाल्या. "माहीत असून दोष लपवला, म्हणजे विकणारा जबाबदार. ही फळी जिवापाड जपा."

मला वाटलं, सुटले एकदाची!

"किती दिवस लागतील?" जावयाने विचारलं.

"दिवस नाही हो, वर्षं."

चौथ्या दिवशी तो पॉलिश पेपर घेऊन आला आणि माझी पाठ खसाखसा घासू लागला.

"जावईबापू, त्याने केलं तेच आपण करायचं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तुमचा खोकला कोर्टाच्या तारखांसाठी थांबणार आहे का? हे विकू आणि कोरड्या घरात जाऊ."

बाबांना काहीतरी म्हणायचं होतं, पण उबळ आली. नर्सबाईने एकेक स्क्रू नवऱ्याच्या हातात दिला.

आज नवं जोडपं आलंय. बाई पोटुशी आहे.

"ओल वगैरे नाही ना?" ती विचारतेय.

"छे! भिंती ठणठणीत आहेत," नर्सबाई म्हणाली.

बाई गं, घाईने हो म्हणू नकोस. चार स्क्रू काढ आणि माझ्या पाठीवरून बोट फिरव. काका फार दाबून लिहायचे. अक्षरं अजून बोटाला लागतात.