म्हातारबांचा चेहरा

आत्याने कात्री उचलली आणि पुन्हा मांडीवर ठेवली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

समोर खुंटीला म्हातारबा लटकत होते. हातभर उंचीचं लाकडी कळसूत्री बाहुलं, डोक्यावर तुळतुळीत टक्कल. त्यांच्या दोऱ्या आत्याच्या उंचीला बेतलेल्या. आता तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून म्हातारबा भाचीला द्यायचे ठरले होते. पण भाची पडली बुटकी. हात डोक्यावर धरले तरी म्हातारबांचे गुडघे फरशीवर घासायचे. दोऱ्या छाटायलाच हव्या होत्या. आणि एकदा छाटल्या की म्हातारबा आत्याच्या हातून कायमचे सुटणार होते.

त्या दोऱ्यांना वरच्या अंगाला गाठीच गाठी होत्या. बर्फाच्या देशात खेळ करताना दोरी तुटली तेव्हा एका चांभाराने आपला मेणाचा दोरा दिला होता. समुद्रकाठच्या गावात कोळ्याने जाळ्यातला काढून दिला. गाठींवरून बोट फिरवलं की आत्या बसल्या जागी गावोगाव हिंडून यायची. भाषा तिला कुठलीच धड आली नाही. पण म्हातारबा चालून चालून दमले, उसासा टाकून बसले, की सगळीकडची पोरं सारखीच गप्प व्हायची.

"आत्या, राहू दे. मी स्टुलावर उभी राहते," भाची म्हणाली.

"आणि म्हातारबा चालायला लागले की स्टूल कोण ढकलणार? तुझा बाप?"

भाची खुदकन हसली. त्या हसण्यातच आत्याने कात्री चालवली. गाठी ओच्यात पडल्या. उरलेल्या दोऱ्या तिने पुन्हा दांडीला बांधल्या, दांडी भाचीच्या हातात दिली आणि सवयीने मागे जाऊन उभी राहिली.

"मागे काय करतेस? समोर बस ना."

आत्या समोर जाऊन बसली. आत्याने शिकवल्याप्रमाणे भाचीने आधी म्हातारबांना श्वास घ्यायला लावला, मग पाऊल उचललं. म्हातारबांनी मान वर केली.

तो चेहरा आत्यानेच कोरला होता. पण खेळ करताना तिला कायम वरून टक्कलच दिसायचं. आरशापुढे सराव केला तेव्हाही लक्ष सगळं दोऱ्यांवर. चालताना, थकताना तो चेहरा कसा होतो, हे देशोदेशीच्या पोरांना ठाऊक होतं. तिला नव्हतं.

म्हातारबा चालत चालत तिच्यापाशी आले, उसासा टाकून बसले.

"काही चुकलं का गं?" भाचीने वरून विचारलं.

आत्याने नुसतं ओठांवर बोट ठेवलं.